दिवाळीच्या सुट्टीत आईला समुद्र दाखवायचा आहे : गुहागर की मालवण?

प्रश्न : पुणेकर

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहाजण कोकणात जाणार आहोत : मी, यजमान, अकरा आणि सात वर्षांची आमची दोन मुले, धाकटा दीर आणि माझी आई. आईचे वय बाहत्तर असून गेल्या वर्षी तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. तिचे सारे आयुष्य माणदेशात गेले. समुद्र तिने एकदाच, तोही मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून पाहिला आहे, आणि पाण्यात पाय बुडवायचे राहून गेले हे ती अजूनही बोलून दाखवते.

मी पाच मुक्कामांचा बेत आखला आहे : हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे आणि मालवण, प्रत्येक ठिकाणी एक रात्र. आई शाकाहारी आहे. दिराला मालवणला स्कूबा डायव्हिंग करायचे आहे. हा बेत आईला झेपेल का? झेपणार नसेल, तर यांतले एकच गाव निवडायचे झाल्यास कोणते निवडावे? आणि मुलांना समुद्रात केव्हा व कितपत जाऊ द्यावे, हेही कृपया सांगावे.

उत्तर : वरचा पाट, गुहागर

ताई, हा बेत कृपया रद्द करावा. नकाशावर ही गावे एकाखाली एक दिसतात, पण मधे खाड्या आहेत, घाट्या आहेत, वळणे आहेत. रोज सामान बांधायचे, चार-पाच तास गाडीत बसायचे आणि संध्याकाळी दमून किनाऱ्यावर अर्धा तास उभे राहायचे, यात आईंच्या वाट्याला समुद्र येणार नाही, गाडीची खिडकी येईल.

माझे मत गुहागरच्या बाजूने आहे आणि ते केवळ स्वतःचे गाव म्हणून नाही. आमचे गाव समुद्राला समांतर पसरलेले आहे. वरचा पाट आणि खालचा पाट अशी लांबलचक वस्ती, रस्त्याच्या दुतर्फा घरे, घरामागे नारळी-पोफळीची वाडी आणि खालच्या अंगाच्या वाड्यांपलीकडे सुरूचे बन व वाळू. अशा वाडीतल्या घरी उतरलात तर समुद्रावर जाण्यासाठी गाडी काढावी लागत नाही, आणि ज्यांना दहा मिनिटे चालून परत येऊन पडावेसे वाटते त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे. पुण्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि चिपळूण या मार्गाने यावे. थांबे धरून सात-आठ तास लागतील.

आता मुलांविषयी, कारण तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. आमच्याकडे लहानपणापासून एक नियम पाळला जातो : भरती चढत असताना पाण्यात उतरावे, ओहोटी लागली की बाहेर यावे. ओहोटीचे पाणी आत ओढते. भरतीची वेळ काढण्यासाठी कालनिर्णयातली तिथी पुरेशी आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता पूर्ण भरती येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दिवसात दोनदा, आणि भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून आल्यावर गावातल्या कोळ्यांना विचारावेच. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी फार वर येते आणि तितक्याच जोराने मागे जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा चढउतार सौम्य असतो.

म्हणून भाऊबीजेनंतर लगेच धावत येऊ नका. कार्तिक शुद्ध पंचमीला पोहोचा आणि दशमीला निघा. षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा अशी भरती येईल, म्हणजे ऊन उतरल्यावर दुपारी साडेतीन-चारच्या पुढे मुलांना चढत्या पाण्यात खेळता येईल. सकाळी ओहोटी असेल. तेव्हा समुद्र मागे गेलेला असतो आणि ओली वाळू घट्ट असते. सकाळ चालण्यासाठी, शिंपल्यांसाठी आणि आईंसाठी ठेवावी.

मुलांना कमरेच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका आणि एक मोठे माणूस कायम त्यांच्या समुद्राकडच्या बाजूला उभे ठेवा. फुटणाऱ्या लाटांच्या मधे जो शांत पट्टा दिसतो तो सुरक्षित वाटतो, पण बहुतेक वेळा किनाऱ्यावर आलेले पाणी तिथूनच परत आत जात असते. कोणी त्यात सापडलेच, तर किनाऱ्याकडे सरळ झटत न राहता किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडावे. खाडीच्या मुखाशी तर पोहूच नये.

उत्तर : चिवला, मालवण

मी मालवणचा असूनही वरच्या उत्तराशी सहमत आहे, मात्र माझी कारणे वेगळी आहेत. सिंधुदुर्ग हा दोन प्रवासांच्या मधे उरकण्याचा किल्ला नव्हे. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर त्याचे बांधकाम सुरू केले. सभोवती खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. अकरा वर्षांच्या मुलाला हे सारे नीट दाखवायला एक पूर्ण सकाळ हवी. आईंसाठी मात्र होडीत चढणे-उतरणे हा नव्या गुडघ्यावरचा ताण ठरेल, कारण होडी हलत असते आणि त्यानंतर उन्हात चालणेही बरेच आहे.

दिरांना सांगा की स्कूबासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ अधिक चांगला. पावसाळ्यातला गाळ खाली बसून पाणी नितळ व्हायला वेळ लागतो. देवबागच्या संगमावर कर्ली नदीच्या पाण्याला ओढ असते, तिथे पोहण्याचा आग्रह त्यांनी तेव्हाही धरू नये.

एक गैरसमज मात्र दूर करतो. मालवणात शाकाहारी माणसाची उपासमार होते असे पुष्कळांना वाटते. काळ्या वाटाण्याचे सांबार आणि आंबोळ्या खाऊन पाहिल्यावर आई स्वतःच पुढच्या खेपेला मालवणचे नाव घेतील.

उत्तर : चिपळूणची सून

माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत आणि आम्ही दरवर्षी त्यांना समुद्रावर नेतो, म्हणून अनुभवाचे सांगते. खोली ठरवताना "समुद्र दिसतो का" याआधी तीन प्रश्न फोनवर विचारा : खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, आणि वाळूपर्यंतच्या वाटेत किती पायऱ्या किंवा गडगे आहेत. एका ठिकाणी आम्हाला "दोनच पायऱ्या" असे सांगितले होते. त्या जांभ्याच्या, गुडघाभर उंचीच्या आणि कठड्याशिवाय निघाल्या. तेव्हापासून मी वाटेचा फोटो मागवते.

कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि गुडघा पिळला जातो. तेवढा पट्टा आईंना दोघांनी धरून ओलांडायला मदत करावी. ओल्या वाळूवर त्या काठी टेकत आपल्या आपण चालतील. घरमालकांकडून रुंद पायांची प्लॅस्टिकची खुर्ची मागून घ्या आणि सकाळी लाट जिथे संपते तिथे ठेवा. लाट पायाखालची वाळू ओढून नेते तेव्हा क्षणभर तोल गेल्यासारखे वाटते, म्हणून पहिल्या दिवशी खुर्चीमागे कोणीतरी उभे राहावे. आमच्या सासूबाई तिथे तास-तास बसतात.

मधल्या एका दिवशी धोपाव्याहून दाभोळला जाणाऱ्या फेरीबोटीत बसा. गाडी बोटीवर चढते, वाशिष्ठीची खाडी ओलांडते, आणि आईंना गाडीतून उतरावेही लागत नाही. हेदवीच्या दशभुज गणपतीला गेलात तर जवळची बामणघळ भरतीच्या वेळी लांबूनच पाहा. खडक शेवाळलेले असतात आणि पाणी घळीतून अचानक उसळते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. बेत बदलला. पंचमी ते दशमी, पाचही रात्री गुहागरलाच राहू. दिरांनी जानेवारीत मित्रांबरोबर मालवणला जायचे मान्य केले आहे. आईला खुर्चीची गोष्ट वाचून दाखवली, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला की साडी भिजली तर मिठाचे डाग पडतात का. मला उत्तर देता आले नाही.

उत्तर : वरचा पाट, गुहागर

आईंना सांगा, घरी आल्यावर लगेच विहिरीच्या गोड्या पाण्यात साडी खळबळून काढली तर डाग राहत नाहीत. सुती साडी आणावी, ती लवकर वाळते. एक सूचना राहून गेली होती. नवमीला पूर्ण भरती पावणेसातला आहे, पण त्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. त्या शेवटच्या संध्याकाळी पाणी चढते असले तरी मुलांना साडेपाचला बाहेर काढा, कारण अंधारात लाटांमधले डोके दिसत नाही.