झिंक ऑक्साइडच्या थराचा रोध मोजण्याबाबत मदत हवी आहे
नमस्कार. अमोनियाच्या सेन्सरसाठी आम्ही झिंक ऑक्साइडचा थर विद्युत-रासायनिक पद्धतीने बसवत आहोत. पद्धत इझाकी आणि ओमी यांनी 1996 मध्ये मांडलेलीच आहे: कॅथोडवर नायट्रेटचे क्षपण होऊन हायड्रॉक्साइड तयार होते, पृष्ठभागालगतचा सामू वाढतो आणि झिंक नायट्रेटचे द्रावण सुमारे 60 अंश सेल्सिअसला ठेवल्यास तिथे ऑक्साइड बसते. वाहक काचेवर थर धूसर पांढरा आणि एकसारखा येतो. त्याबद्दल तक्रार नाही.

अडचण पुढची आहे. वायूमुळे थराच्या रोधात होणारा बदल मोजायचा आहे, पण खालची काचच वाहक असल्याने प्रवाह तिच्यातूनच जातो आणि अमोनिया सोडला तरी मीटरचा आकडा जवळपास हलत नाही. (द्रावण फवारून थर बसवण्याच्या स्प्रे पद्धतीत साधी काच चालते, इथे ती सोय नाही, कारण थर बसायला खालचा पृष्ठभाग वाहकच लागतो.) म्हणून ॲल्युमिनाच्या (वीज न वाहणाऱ्या सिरॅमिकच्या) पट्टीवर कंगव्याच्या दातांसारखे सोन्याचे इलेक्ट्रोड घ्यावेत आणि दोन्हीकडून वाढणाऱ्या थराने मधली फट भरून काढावी, असा विचार आहे.

हे कोणी केले असल्यास फट किती मायक्रॉन ठेवली, आणि 300 अंशांच्या आसपास तापवताना सोन्यावरून थर सुटू नये म्हणून काय केले, हे कृपया सांगावे. थर वाहक काचेवरून सोलून इपॉक्सीवर (चिकटवण्याच्या रेझिनवर) घेण्याचा पर्याय मला पटत नाही, कारण इपॉक्सी एवढे तापमान सोसणार नाही.