माजी विद्यार्थिनीचं नाव इमारतीला देताना

महाविद्यालयाच्या इमारतीला नामवंत माजी विद्यार्थिनीचं नाव द्यायचंय. ज्यांनी हे काम हाताळलंय त्यांनी लिहा. समारंभाचं नको, कामाचं, असं एकानं विचारलंय. त्यावर हे उत्तर.

▪ आधी जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाची जुनी नोंदवही, काढा. जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी 1933 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या त्या कमला भागवत म्हणून; 'सोहोनी' शोधत बसलात तर नोंद सापडणार नाही. माहेरचं, सासरचं आणि लोकांच्या तोंडी असलेलं, तिन्ही नावं एका कागदावर मांडा. पाटीवर कुठलं हे बाईंकडून, त्या नसतील तर घरच्यांकडून, लेखी घ्या. र्‍हस्व-दीर्घासकट.

▪ ठरावात 'नवीन इमारतीस' असं मोघम लिहू नका. पुढे मजला चढतो, शेजारी विंग येते, मग नाव नेमकं कशाला यावर वाद. देणगीदाराच्या करारात नावाची अट आहे का, तेही ठरावाआधीच बघा.

▪ पाटीत खरा घोळ फॉन्टचा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टची फाइल पाटीवाल्याच्या संगणकावर उघडली की जोडाक्षरं फुटतात, रफार सरकतो. अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट लागणार नाही अशा रेषाकृती करून, पीडीएफ द्या आणि खऱ्या मापाचा कागदी प्रिंट भिंतीवर चिकटवून बघा. 1 इंच उंचीचं अक्षर 10 फुटांवरून आरामात वाचता येतं, हा ढोबळ हिशेब; देवनागरीत वेलांटी-उकारांना वरखाली जागा लागते, म्हणून ओळींत अंतर जास्त सोडा. समुद्राजवळ पितळ नको, महिन्याभरात काळवंडतं. काळ्या ग्रॅनाइटवर कोरून रंग भरा. लोखंडी स्क्रू वापरलेत तर पहिल्याच पावसाळ्यात गंजाचे ओघळ नावावर येतात. स्टेनलेस स्टीलचेच, खाऱ्या हवेत टिकणाऱ्या 316 ग्रेडचे.

▪ इमारत कुठली, याचाही विचार व्हावा. कल्पना चावला वैमानिक अभियांत्रिकीच्या. चंदीगडच्या त्यांच्या महाविद्यालयात त्यांच्या नावाचं मुलींचं वसतिगृह, टेक्सासच्या आर्लिंग्टन विद्यापीठातही वसतिगृहच. बाई म्हटली की वसतिगृह! प्रयोगशाळा मोकळी असेल तर ती द्या.

▪ नाव रुळत नाही ते वेळापत्रकामुळे. तिथे 'ई ब्लॉक' छापत राहिलात की मुलंही तेच म्हणणार. दोन-तीन अक्षरांचं लघुरूप स्वतःच ठरवा आणि वेळापत्रक, परीक्षेची बैठकव्यवस्था, गुगल मॅप, खोल्यांचे क्रमांक, अग्निशमन नकाशा सगळीकडे एकाच दिवशी बदला. वीजबिलावरचं जुनं नाव राहिलं तरी चालतं.