द्राक्षांवरच्या चिलटांचे प्रणयाराधन: जनुकांचा वाटा नेमका किती?

दिंडोरीचा बागायतदार
काढणी आटोपल्यावर शेडमधल्या क्रेटांत जे फुटके मणी राहतात, त्यांवर चिलटे जमतात. मुलीने आणलेल्या भिंगातून पाहिले, तेव्हा एक चिलट दुसऱ्याच्या मागे चालत होते, पुढच्या पायाने त्याला स्पर्श करीत होते आणि एकच पंख पसरून थरथरवत होते. हे नराचे प्रणयाराधन आहे, असे ती म्हणते. जेमतेम काही आठवडे जगणाऱ्या या किड्याला हे शिकवते कोण? आणि ते जनुकांतच असेल, तर जवळच्या दोन प्रजातींत ते वेगळे कसे होते?

निवृत्त प्राध्यापक, गंगापूर रोड
शिकवत कोणीही नाही. ही चिलटे म्हणजे ड्रॉसोफिला; एकट्या वाढवलेल्या ड्रॉसोफिला नरालाही हा क्रम येतो. पंखाची थरथर हे त्याचे गीत असून ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर या प्रजातीत त्याच्या दोन ठोक्यांतील अंतर सुमारे ३५ मिलिसेकंद असते. १९६३ मध्ये कुलबीर गिल यांनी असे उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेले, नर नोंदवले, जे इतर नरांचेही आराधन करीत आणि ज्यांना संतती होत नसे. या जनुकाला पुढे ‘फ्रूटलेस’ हे नाव मिळाले. याच्या आरएनएची, म्हणजे जनुकावरून बनणाऱ्या संदेशाच्या तुकड्यांची, जोडणी नरात व मादीत वेगवेगळी होते. २००५ मध्ये डेमिर आणि डिक्सन यांनी मादीत नराच्या पद्धतीची जोडणी घडवून आणली, तेव्हा ती मादी इतर माद्यांचे आराधन करू लागली. तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर एका जनुकात आहे, असे म्हणता येईल.

पंचवटीकर
सर, शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. ‘फ्रूटलेस’ नाच लिहून ठेवत नाही. कोणत्या चेतापेशी कशा घडाव्यात आणि कोणाशी जोडल्या जाव्यात, हे ठरवण्यात त्याचा हात असतो. प्रजातींमधला फरक तर त्याहून बारीक आहे. मेलॅनोगॅस्टरच्या मादीच्या अंगावर ७,११-हेप्टाकोसाडायीन हे रसायन असते, ज्याच्या चवीने तिच्या प्रजातीचा नर उत्तेजित होतो, तर तिच्या जवळच्या सिम्युलन्स प्रजातीचा नर मागे हटतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसले की, पायावरच्या संवेदी पेशी हे रसायन दोन्ही प्रजातींत ओळखतात. मात्र आराधन सुरू करणाऱ्या मेंदूतील ‘पी-१’ पेशींपर्यंत पोहोचणाऱ्या उत्तेजक आणि रोधक संदेशांचा तोल दोघांत वेगळा आहे. म्हणजे नाक-जीभ तीच राहिली आणि बदल झाला तो मेंदूतील चेतापेशींच्या जोडणीत. (किड्याची जीभ पायात असते, हे वर्गात सांगितले की मुले हमखास हसतात.)

दिंडोरीचा बागायतदार
म्हणजे अवयव न बदलता वर्तन बदलते. याच्या उलट कधी घडते का?

पंचवटीकर
घडते, आणि ते उदाहरण मला चिलटांहून अधिक विलक्षण वाटते. हवाईतील काउआई बेटावर रातकिड्यांच्या आवाजाचा माग काढत एक परजीवी माशी येते आणि तिच्या अळ्या गाणाऱ्या नराला आतून खातात. तेथे एक्स गुणसूत्रावरील एका उत्परिवर्तनामुळे नरांचे पंख जवळजवळ सपाट झाले, ते एकमेकांवर घासून निघणारा आवाज बंद पडला आणि वीसपेक्षा कमी पिढ्यांत बहुतेक नर मुके झाले. हे नर उरलेल्या गायकांच्या जवळ दबा धरून बसतात व तिकडे निघालेली मादी वाटेत गाठतात. तरीही पंख घासण्याची हालचाल त्यांनी सोडलेली नाही: वाद्य गेले, पण वाजवणारी चेतासंस्था जशीच्या तशी आहे.