मुक्तिनाथला जावं का? जोडीनं हिमालय पाहिलेल्यांनी लिहा

नौपाडा, ठाणे
ऑक्टोबरात आम्ही दोघं नेपाळला निघतोय. हे बासष्टचे, मी अठ्ठावन्नची, माझे गुडघे कुरकुरतात. काठमांडू आणि पोखरा नक्की आहे. ह्यांना वर डोंगरातलं मुक्तिनाथचं देऊळही हवंय, वाट काली गंडकी नदीच्या काठानं जाते. आमच्या देवघरात सासूबाईंचा शाळिग्राम आहे, तो काली गंडकीतला. ती नदी एकदा डोळ्यांनी बघायची ह्यांची फार इच्छा. पण पोखरा जेमतेम ८०० मीटरवर आणि मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या आसपास. जोडीनं जाऊन आलेल्यांनी लिहा. हॉटेलांची नावं नकोत, तुमचं दोघांचं काय झालं ते सांगा.

नेरूळ
ताई, आमचं लेहचं सविस्तर लिहिते. हे रोज पहाटे पारसिक हिल चढतात, त्यामुळे सगळ्यांना काळजी माझी होती. मुंबईहून विमानानं निघून थेट ३,५०० मीटरवर उतरलो. पहिला दिवस नुसतं पडून राहायचं, हे माहीत होतं. तरी संध्याकाळी शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढलो. रात्री ह्यांचं डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या. सकाळी डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि शांतपणे समजावलं, की विरळ हवेची सवय व्हायला शरीराला दिवस लागतात, रोजच्या व्यायामानं ते दिवस कमी होत नाहीत. डोकं दुखायचं थांबेपर्यंत आणखी वर जायचं नाही.

खार्दुंग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर, पँगाँग सरोवर ४,२०० च्या वर. दोन्ही रद्द, पैसेही गेले. हे म्हणाले, "तू जा सगळ्यांबरोबर, माझ्यामुळे तुझं राहायला नको." मी गेले नाही. तीन दिवस आम्ही उतरलो होतो त्या घराच्या अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली बसलो. घरच्या आजींनी खंबीर, म्हणजे त्यांची जाड रोटी, भाजताना मला शेजारी बसवून घेतलं. मीठ-लोण्याचा गुरगुर चहा ह्यांना आवडला, मला नाही. चौथ्या दिवशी लडाखचा राजा सेंगे नामग्यालचा सतराव्या शतकातला राजवाडा बघायला गेलो. नऊ मजली आहे. मजल्यागणिक थांबत चढलो. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण ह्यांनी माझ्या चालीनं चालायची ती पहिलीच वेळ. पँगाँग अजून पाहिलेलं नाही आणि त्याचं मला खरंच दुःख नाही.

वर्तकनगर, ठाणे
आम्ही २०१९ मध्ये काठमांडूला गेलो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे, साप्ताहिक सुट्टी शनिवारी, आणि आपल्या शंभरच्या वरच्या नोटा तेव्हा चालत नव्हत्या. निघण्याआधी आताचा नियम विचारून घ्या. विमानानं जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या. आमच्या पुढच्या जोडप्याकडे फक्त आधार होतं, त्यांना परत फिरवलं.

पशुपतिनाथाला बागमतीच्या काठी चिता जळत होत्या. माझे वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बायकोला वाटलं मला त्रास होईल, तिनं हात धरून बाजूला न्यायला बघितलं. मला मात्र तिथंच बसायचं होतं. ती काही न बोलता शेजारी बसली. तासभर तरी बसलो असू. मग काठमांडूला लागून असलेल्या पाटण शहरात गेलो. २०१५ च्या भूकंपानंतर चार वर्षं उलटली तरी कितीतरी भिंतींना लाकडी टेकू होते, आणि १६३७ चं दगडी कृष्णमंदिर उभं होतं. पाटणला अर्धा दिवस पुरत नाही, पूर्ण दिवस ठेवा.

ऐरोली
दार्जिलिंग. पहाटे चारला टायगर हिलवर कुडकुडत उभे होतो, समोर नुसतं धुकं. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं खोलीच्या खिडकीचा पडदा सरकवला आणि कांचनजंगा समोर! मला हाक मारायलाही त्याला सुचेना. एक दिवस हाताशी मोकळा ठेवा, एवढंच.

घणसोली
भूतानमधल्या पारोचा तक्त्संग मठ, कड्यावर, ३,१२० मीटर. घोडं अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहापर्यंतच जातं, पुढे पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या. माझा गुडघा तिथंच थांबला. बायको एकटी गेली, मी समोरच्या कड्यावर ती दिसते का बघत तीन तास बसलो. परत आली तेव्हा ती रडत होती, आनंदानं. काका, दोघांनी सगळं एकत्रच करायला हवं असं नाही.

नौपाडा, ठाणे
सगळं ह्यांना वाचून दाखवलं. नेरूळच्या ताईंचं दोनदा वाचायला लावलं. पोखऱ्याहून मुक्तिनाथच्या अलीकडच्या जोमसोमला विमानानं वीस-पंचवीस मिनिटांत २,७०० मीटर गाठायचा बेत होता, तो सोडला. जीपनं जाणार, वाटेत तातोपानीला मुक्काम, मग जोमसोमला दोन रात्री. नदी तिथंच आहे. डोकं हलकं असेल तर मुक्तिनाथच्या १०८ धारांखाली जाऊ. नसेल तर काली गंडकीच्या काठी बसू. शाळिग्राम सोबत नेतोय.