प्रतिसाद: बूट आधी तपासा, टेकडी मग
खारघरला बदलीवर आलेल्या जर्मन जोडप्याला पावसाळ्यात डोंगर चढायचेत, तिकडचे महागडे वॉटरप्रूफ बूट चालतील का, असं वर विचारलंय. माझं मत, नकोत. आपल्या पावसात पाणी घोट्याकडून आत शिरतं आणि बुटाचं वॉटरप्रूफ अस्तरच ते बाहेर जाऊ देत नाही. तळवे भिजून पांढरे पडतात, मग फोड. जाळीचे, पाणी निथळणारे बूट बरे. सोल मऊ रबराचा, खाचा खोल. शेवाळलेल्या कातळावर मात्र कुठल्याच सोलचा भरवसा नाही.

बूट दोन-तीन वर्षं कपाटात पडून असतील तर सोलच्या कडेला अंगठ्याने दाबून बघा. मधला थर पॉलियुरेथेनचा असेल तर दमट हवेत तो आतून ठिसूळ होतो आणि दिसायला नवाकोरा बूट ऐन उतारावर आ वासतो. सुटलेला सोल बांधायला सॅकमध्ये चार केबल टाय (प्लास्टिकच्या आवळपट्ट्या) असू द्यात, खाली उतरण्यापुरतं भागतं.

घाम गेल्यावर प्यायला लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. (चमचा चहाचा, पोह्यांचा नव्हे!)

त्यांना पांडवकडा धबधब्याकडे पावसात फिरकू देऊ नका. वर सर कोसळली की ओढा बघता बघता फुगतो. तूर्तास खारघरच्याच सेंट्रल पार्कच्या फेऱ्या पुरेत.