व्ही-इफ की व्ही-शो
प्रश्न असा की व्ह्यूमधे (Vue, वेबपेजं बनवायचं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क) टॅब बदलून परत आलं की फॉर्ममधे भरलेलं सगळं पुसलं का जातं, तर ते व्ही-इफमुळे (v-if, म्हणजे अट खरी असेल तरच दाखव). अट खोटी झाली की तो कंपोनंट, म्हणजे पेजचा तो तुकडा, डॉममधून (ब्राउझरमधल्या पेजच्या रचनेतून) उचलूनच टाकतो आणि खरी झाली की नव्याने बनवतो, मग आतला डेटा राहणार कुठून? व्ही-शोमधे (v-show) नुसतं डिस्प्ले नन होतं, म्हणजे तुकडा फक्त लपतो, माल जागेवरच. पण मी एकदा ८ टॅबना सरसकट व्ही-शो लावलं आणि पेज उघडताच आठही कंपोनंट एपीआयला कॉल मारत, म्हणजे सर्व्हरकडे डेटा मागत सुटले, ब्राउझरच्या डेव्हटूल्समधला नेटवर्क टॅब बघून घामच फुटला :) शेवटी व्ही-इफ, व्ही-एल्स-इफच ठेवून बाहेरून कीपअलाइव्ह (KeepAlive, काढलेला कंपोनंट डेटासकट मेमरीत जपून ठेवतो) गुंडाळलं. आणि हो, टेम्प्लेट टॅगवर (<template>, जो स्वतः पेजवर उमटत नाही) व्ही-शो चालत नाही, त्यात माझी अख्खी दुपार गेलीये.