टॅबलेटशी बोलताना: तुमचे अनुभव लिहा

टॅबलेटवरचा आवाजी असिस्टंट तुम्ही खरंच वापरता, की सुरुवातीची गंमत ओसरल्यावर बंद केलात? आयपॅडवर सिरी २०१२ साली आली, गूगल असिस्टंट २०१८ पासून मराठी बोलतोय. म्हणजे मत बनवायला भरपूर वेळ मिळालाय. माझ्यापुरतं सांगते: गजर, टायमर आणि आठवणी, बस्स. गप्पा मारायला गेले की चिडचिड होते.

• उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं तेव्हा अँड्रॉइडच्या टॅबलेटवर 'व्हॉइस अ‍ॅक्सेस' वापरलं. स्क्रीनवरच्या बटणांवर आकडे येतात, आकडा म्हटला की बटण दाबलं जातं. साधा असिस्टंट हवामान सांगेल, पण फॉर्ममधल्या चौकटीवर टिक करायची तर हेच हवं. आयपॅडवाल्यांना २०१९ पासून असंच 'व्हॉइस कंट्रोल' आहे. हात बरा झाला तरी मी ते काढलेलं नाही, लोळत वाचताना पानं उलटायला झकास!

• बाबांची नजर अधू झालीये. फोन लावणं, बातम्या ऐकणं, सगळं ते बोलूनच करतात. अडतं ते त्यांच्या बोलण्याच्या पद्धतीशी. "मला जरा..." म्हणून ते शब्द आठवत थांबले की आयपॅडला वाटतं वाक्य संपलं, आणि तो भलतंच काहीतरी शोधून आणतो. मग बाबा त्याला रागावतात, आणि तो तेही शोधतो. यावर कुणाकडे उपाय आहे का?

• वरच्या ताईंना: सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात सिरी, तिथे थांबण्याची वेळ वाढवता येते. माझ्या सासूबाईंसाठी सगळ्यात लांबची ठेवलीये. त्या सावकाश बोलतात, आता तो पूर्ण ऐकून घेतो. आणि बाबांना रागवू दे हो, तेवढाच व्यायाम.

• आमच्याकडे टीव्हीवर कुणी काही बोललं की टॅबलेट मध्येच "ओ" देतो. हाक ओळखण्याचं काम टॅबलेटमध्येच होतं, हे माहीत आहे. पण हाक मारली असं त्याला चुकून वाटलं, तर पुढचं बोलणं सर्व्हरपर्यंत जाऊ शकतं, ते मला नको. हाकेला उठणं बंद केलं. काम असेल तेव्हा बटण दाबून धरतो.

• कॉन्टॅक्टमधली नावं इंग्रजीत असतील तर देवनागरीत लिहून बघा. माझ्या टॅबलेटला आत्याचं नाव तेव्हाच कळलं.